स्केच पूर्ण कसं बांधायचं: फ्रीकॅडमध्ये मोटर प्लेट काढत शिकू या

आयत काढला, त्यात चार भोकं टाकली, पॅडचं (सपाट आकाराला जाडी देण्याचं) बटण दाबलं, पार्ट उभा राहिला. दिसायला झकास. मग कधीतरी रुंदी 50 ची 60 केली आणि एक कड तिरकी झाली, दोन भोकं जागच्या जागी राहिली, दोन भलतीकडे सरकली. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. स्केचमधल्या ज्या गोष्टी तुम्ही ठरवल्याच नव्हत्या, त्या त्याने आपल्या मनाने ठरवलेल्या असतात.

हा लेख कॅड, म्हणजे संगणकावर डिझाइन काढण्याचं सॉफ्टवेअर, नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी आहे. डिप्लोमा किंवा आयटीआय करणारे, घरी थ्रीडी प्रिंटर आणलेले, आणि वर्षानुवर्षं ऑटोकॅडवर टू-डी ड्रॉईंग काढून आता पॅरामेट्रिक मॉडेलिंगकडे वळलेले, असे सगळेच. उदाहरण फ्रीकॅडमधलं घेतलंय, कारण ते फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आवृत्ती आल्यापासून त्याचा स्केचर वापरायला बराच सुटसुटीत झालाय. तुम्ही सॉलिडवर्क्स, फ्यूजन किंवा ऑनशेपवर असाल तरी बिघडत नाही. बटणं वेगळी असतील, हिशोब तोच.

टू-डी ड्रॉईंगची सवय असलेल्यांना सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास होतो, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे रेष काढतानाच लांबी टाइप करायची, रेष तेवढी येणार, विषय संपला. इथे उलटं आहे. आधी अंदाजाने काढायचं, मग अटी घालायच्या, आणि त्या अटींत बसणारा आकार सॉफ्टवेअरने शोधून काढायचा. ही कल्पना काही नवी नाही. 1963 साली एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला, त्यात पडद्यावर लाइट पेनने ओबडधोबड काढलेल्या रेषा दिलेल्या अटींप्रमाणे सरळ होऊन बसत. आज आपण कन्स्ट्रेंट म्हणतो ते हेच.

आधी हिशोब समजून घ्या

कागदासारख्या सपाट प्रतलावर एक बिंदू दोन प्रकारे हलू शकतो: आडवा आणि उभा. म्हणजे त्याचे 2 डिग्री ऑफ फ्रीडम, थोडक्यात 2 डीओएफ. रेषेला दोन टोकं, म्हणून 4. वर्तुळाला केंद्राचे 2 आणि त्रिज्येचा 1, असे 3. कंसाला केंद्र, त्रिज्या आणि दोन टोकांचे कोन मिळून 5. प्रत्येक कन्स्ट्रेंट यातले काही डीओएफ खातो. शेवटी शून्य उरलं की स्केच पूर्ण बांधलं गेलं.

आयताचं उदाहरण घेऊ. चार सुट्या रेषा म्हणजे 16. चार कोपरे जोडले, प्रत्येक जोडणीने 2 खाल्ले, उरले 8. दोन रेषा आडव्या, दोन उभ्या, प्रत्येकी 1 गेला, उरले 4. हे चार कोणते? आयत डावीकडे-उजवीकडे कुठे आहे, खाली-वर कुठे आहे, रुंदी किती, उंची किती. फ्रीकॅडमध्ये आयताचं टूल वापरलं की कोपऱ्यांच्या आणि आडव्या-उभ्याच्या अटी आपोआप लागतात, म्हणून बाजूच्या पॅनेलमध्ये सुरुवातीलाच 4 डीओएफ उरल्याचं दिसतं.

हा हिशोब दर वेळी कागदावर करायची गरज नाही, पॅनेल करून देतं. पण पहिली पाच-दहा स्केचेस तोंडाने मोजत काढा. "ही अट किती खाणार?" असा प्रश्न विचारायची सवय लागली की पुढे आकडा अडला तरी कुठे अडलाय ते चटकन कळतं.

अटींचा क्रम

आधी जोडण्या: कोण कुणाला चिकटलंय, कुठलं टोक कुठल्या रेषेवर आहे. मग दिशा: आडवं, उभं, समांतर, काटकोन, स्पर्शिका. मग नाती: समान लांबी, समान त्रिज्या, सममिती. आणि सगळ्यात शेवटी मापं. मापांची घाई करू नका. नवशिक्यांच्या स्केचमध्ये चार समान भोकांना चार वेगवेगळे व्यास दिलेले असतात. मग भोक बदलायची वेळ आली की चार ठिकाणी आकडा बदलावा लागतो आणि एक हमखास राहतो. एका भोकाला माप आणि बाकीच्या तिघांना "तू याच्याएवढा" असं सांगितलं की काम संपलं. मापं जितकी कमी, तितकं स्केच निरोगी, असं माझं तरी मत आहे.

आणखी एक. काढताना आकार साधारण खऱ्या मापाच्या जवळपास काढा. 50 मिमीची प्लेट हवी असताना पडद्यावर 3 मिमीचा ठिपका किंवा 2 मीटरचा पत्रा काढला, तर पहिलं माप दिल्याबरोबर बाकीचा आकार विचित्र वळतो. सॉल्व्हर, म्हणजे अटींत बसणारा आकार शोधणारा सॉफ्टवेअरचा भाग, सध्याच्या स्थितीपासून जवळचं उत्तर शोधतो. तुम्ही त्याला लांबून धावायला लावलंत की तो भलत्या उत्तरावर जाऊन थांबू शकतो.

आता प्लेट

थ्रीडी प्रिंटर आणि छोट्या सीएनसीत सर्रास दिसणारी नेमा 17 स्टेपर मोटर घेऊ. 17 म्हणजे तोंडाचा चौकोन साधारण 1.7 इंच. प्रत्यक्षात मोटर 42.3 मिमी चौरस असते, चार एम3 (3 मिमी बोल्टची) भोकं 31 मिमी अंतरावर असतात, मधला गोल उंचवटा 22 मिमी व्यासाचा आणि शाफ्ट बहुतेकदा 5 मिमीचा. आपल्याला ही मोटर एका सपाट बेसवर उभी धरणारी प्लेट काढायची आहे. बेसपासून शाफ्टच्या केंद्राची उंची 30 मिमी हवी, कारण समोरच्या पुलीची उंची तेवढी आहे.

पायरी 1. नवी फाइल उघडा, पार्ट डिझाइन वर्कबेंच निवडा, बॉडी तयार करा, नवं स्केच घ्या आणि एक्स-वाय प्रतल निवडा. मधोमध दोन अक्ष आणि एक मूळबिंदू दिसेल. आता थांबा आणि ठरवा: मूळबिंदू पार्टवर कुठे असणार? बरेच जण सवयीने डावा खालचा कोपरा मूळबिंदूवर ठेवतात. या प्लेटमध्ये सगळ्यात महत्त्वाची जागा शाफ्टचं केंद्र आहे. भोकं तिथून मोजली जातात, बेसची उंचीही तिथूनच. म्हणून मूळबिंदू शाफ्टच्या केंद्रावर. शॉपफ्लोअरवर मार्किंग करणारा माणूस आधी डेटम, म्हणजे जिथून सगळी मापं घ्यायची ती जागा, ठरवतो आणि मगच हाइट गेज हातात घेतो, इथेही तेच.

पायरी 2. मधलं वर्तुळ काढा, केंद्र थेट मूळबिंदूवर क्लिक करून. कर्सर बिंदूवर आला की जोडणीचं चिन्ह दिसतं; ते दिसल्यावरच क्लिक करा. वर्तुळाच्या 3 पैकी 2 डीओएफ तिथेच गेले. डायमेन्शन टूल घ्या, 1.0 मध्ये त्यासाठी डी दाबलं तरी चालतं, आणि व्यास 22.5 द्या. 22 च्या उंचवट्याला थोडी मोकळीक हवी. एक वर्तुळ पूर्ण बांधून झालं.

पायरी 3. बाहेरचा आयत काढा, मूळबिंदूच्या भोवती, पण मधोमध नाही. खालची कड थोडी जास्त खाली येऊ द्या. काढताना कोपरा अक्षाच्या फार जवळ नेऊ नका, नाहीतर तो आपोआप अक्षाला चिकटतो आणि मग तुम्ही पाच मिनिटं शोधत बसता की हा सरकत का नाही. आता 4 डीओएफ उरलेत.

डावी आणि उजवी बाजू मोटरपासून सारखी हवी. खालच्या कडेचं डावं टोक निवडा, उजवं टोक निवडा, मग उभा अक्ष निवडा आणि सममितीचा कन्स्ट्रेंट लावा, शॉर्टकट एस. लावताक्षणी सॉफ्टवेअर कुरकुर करेल: रिडंडंट, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली. घाबरू नका, मुद्दाम इथपर्यंत आणलंय. दोन बिंदू उभ्या अक्षाभोवती सममित आहेत याचा अर्थ दोघेही सारख्याच उंचीवर आहेत. म्हणजेच खालची कड आडवी आहे हे सममितीनेच सांगून टाकलं. आयताच्या टूलने लावलेली आडव्याची अट आता फाजील झाली. खालच्या कडेवरचं आडव्याचं चिन्ह निवडा आणि डिलीट करा. तक्रार गेली.

हिशोब जुळतो का पाहा: 4 होते, आडवा काढला म्हणून 5 झाले, सममितीने 2 खाल्ले, उरले 3. रुंदी, खालच्या कडेची जागा, वरच्या कडेची जागा. रुंदीला 50 द्या. खालच्या कडेपासून मूळबिंदूपर्यंत उभं अंतर 30 द्या. आता 1 उरला.

पायरी 4. हा शेवटचा 1 घालवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते इथे आहे. पहिला मार्ग: प्लेटची एकूण उंची 55 द्या. दुसरा मार्ग: मूळबिंदूपासून वरच्या कडेचं अंतर 25 द्या. 30 आणि 25 मिळून 55, म्हणजे आज दोन्हींत प्लेट तंतोतंत सारखीच दिसते. दोन्हींत डीओएफ शून्य. दोन्हींत स्केच हिरवं, म्हणजे पूर्ण बांधलेलं.

आता समजा समोरची पुली वर गेली आणि शाफ्टची उंची 30 ची 40 करायची वेळ आली. पहिल्या मार्गात एकूण उंची 55 च राहते, म्हणून वरची कड केंद्रापासून 15 मिमीवर येते. मोटरची वरची भोकं केंद्रापासून 15.5 मिमीवर आहेत. म्हणजे कड भोकांच्या केंद्राखालून जाते, भोकं अर्धी उघडी पडतात आणि प्लेट स्क्रॅपमध्ये. दुसऱ्या मार्गात वरची कड मोटरला बांधलेली आहे, ती 25 वरच राहते आणि प्लेट आपसूक 65 उंच होते.

म्हणून नुसता शून्य आकडा बघून खूश होऊ नका. प्रत्येक माप देण्याआधी विचारा: प्रत्यक्षात ही जागा कोण ठरवतंय? बेसची उंची पुली ठरवते. वरची कड मोटर ठरवते. भोकांचं अंतर मोटर बनवणारा ठरवतो. एकूण उंची मात्र कुणीच ठरवत नाही, ती बेरीज आहे. ड्रॉईंगवर दाखवायची असेल तर ती रेफरन्स माप म्हणून ठेवा: एकूण उंचीचं माप लावा आणि ते ड्रायव्हिंगवरून रेफरन्सवर टॉगल करा. फ्रीकॅडच्या मूळ सेटिंगमध्ये असं माप निळं दिसतं; ते आकारावर जोर करत नाही, फक्त वाचून दाखवतं.

पायरी 5. भोकं. आणखी एक आयत काढा, मूळबिंदूभोवती, साधारण चौरस. त्याच्या चारही बाजू निवडून कन्स्ट्रक्शनमध्ये बदला. कन्स्ट्रक्शन रेषा पॅडमध्ये धरल्या जात नाहीत, त्या फक्त आधाराला असतात. समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, तिसरा मूळबिंदू निवडा, सममिती लावा. यावेळी तक्रार येणार नाही, कारण बिंदूभोवतीची सममिती आडव्या-उभ्याबद्दल काहीच सांगत नाही. 4 चे 2 झाले. उरलेले दोन कोपरे परत सममित करायला जाऊ नका. ते आधीच झालेत, करायला गेलात तर पुन्हा रिडंडंट.

दोन लगतच्या बाजू निवडून समान करा, शॉर्टकट ई. एका बाजूला 31 द्या. चौरस बांधला. इथे समान ही अट बरोबर आहे, कारण नेमा 17 ची भोकं दोन्ही दिशांना 31 च असतात. बाहेरच्या आयताला मात्र समान लावलं असतं तर चुकलं असतं. त्याची रुंदी आणि उंची वेगवेगळ्या कारणांनी ठरतात, एका क्षणी सारखी दिसली तरी.

चार वर्तुळं काढा, प्रत्येकाचं केंद्र चौरसाच्या कोपऱ्यावर. 12 डीओएफ आले, 8 तिथेच गेले, उरले 4 व्यास. चारही वर्तुळं निवडा, समान करा, 3 गेले. एकाला व्यास 3.4 द्या. एम3 बोल्टसाठी मध्यम मोकळिकीचं भोक 3.4 असतं, तंग हवं असेल तर 3.2. प्रिंटर भोकं थोडी लहान पाडतो, म्हणून प्रिंट करणाऱ्यांनी 3.4 च घ्यावं असं माझं म्हणणं.

शून्य. सगळं स्केच हिरवं. बंद करा, 5 मिमी पॅड करा.

कोपरे गोल करायचे असतील तर स्केचमध्ये फिलेट करू नका. पॅड झाल्यावर उभ्या कडा निवडून थ्रीडी फिलेट द्या. स्केचमधला फिलेट कोपऱ्याचा बिंदू मोडू शकतो, त्याच्यावर टांगलेल्या अटी सैल होऊ शकतात, आणि मग एका छोट्या गोलाईसाठी अर्धं स्केच पुन्हा बांधावं लागतं.

हलवून बघा, बदलून बघा

स्केच अर्धवट असताना काय मोकळं आहे ते शोधायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे माउसने ओढणं. कोपरा धरा आणि ओढा. जे हललं ते मोकळं. बघून झालं की कंट्रोल-झेड. पॅनेलमधला डीओएफचा आकडा क्लिक केला तर फ्रीकॅड मोकळे घटक निवडूनही दाखवतं. मोठ्या स्केचमध्ये ही सोय फार उपयोगी पडते.

पूर्ण झालेलं स्केच मात्र ओढून तपासता येत नाही, ते हलतच नाही. त्याची परीक्षा मापं बदलून घ्यायची. 30 ची 40 करा, 50 ची 80 करा, 31 ची 25 करा. प्रत्येक वेळी बघा की जे हलायला हवं होतं तेच हललं का. मग परत आणा.

तक्रार आली तर

संदेश दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. रिडंडंट म्हणजे जे आधीच ठरलंय ते पुन्हा सांगितलं. वर सममितीच्या वेळी झालं ते. कॉन्फ्लिक्ट म्हणजे दोन अटी एकमेकींना खोटं पाडतात: उदाहरणार्थ खालची कड केंद्रापासून 30, वरची 25, आणि एकूण उंची 60. संदेशावर क्लिक केलं की संबंधित अटी यादीत निवडल्या जातात. शेवटची लावलेली अट हीच गुन्हेगार असेल असं नाही. ती योग्य असेल आणि आधीची फाजील असेल, आपल्या आडव्याच्या अटीसारखी. कुठली खरी गरजेची आहे ते ठरवून दुसरी काढा.

वैतागून सगळ्या अटी निवडून डिलीट करणं हा उपाय अनेक जण करतात. करू नका. फाजील अटी आपोआप काढून टाकायचीही एक सोय फ्रीकॅडमध्ये आहे. हात बसेपर्यंत ती बंद ठेवा, कारण कुठली अट ठेवायची हा निर्णयच तर शिकायचा आहे.

आकडा शून्य, पण पॅड होत नाही, असंही होतं. डोळ्याला दोन टोकं एकावर एक दिसतात, प्रत्यक्षात ती जोडलेलीच नसतात. दोन्ही स्वतंत्रपणे त्याच जागी बांधलेली असतात, किंवा एकाच रेषेवर दुसरी रेष चुकून काढलेली असते. स्केच तपासण्याचं व्हॅलिडेट टूल चालवा. ते न जोडलेली जवळजवळची टोकं शोधून जोडून देतं. एकावर एक पडलेल्या रेषा मात्र बऱ्याचदा स्वतःच शोधाव्या लागतात. यादीत रेषा मोजा: आयताला चार हव्यात, पाच दिसल्या तर पाचवी कुठे लपलीय ते बघा.

हिरवं, पण फसवं

डीओएफ शून्य म्हणजे एकच उत्तर शक्य, असं नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना मापं द्या आणि पाया मूळबिंदूपासून आडवा बसवा. आकडा शून्य येईल. पण शिखर पायाच्या वर असू शकतं तसं खालीही असू शकतं. तिन्ही मापं दोन्हीकडे खरी ठरतात. सॉल्व्हर सध्याच्या चित्राजवळचं उत्तर ठेवतो, म्हणून सहसा बिनसत नाही. पण एकदम मोठा बदल केलात तर शिखर उलटं पडू शकतं. स्पर्शिका असलेले कंस यात विशेष बदनाम आहेत. उपाय साधा: मोठा बदल टप्प्याटप्प्याने करा, किंवा शिखराची जागा बाजूंऐवजी आडव्या आणि उभ्या अंतराने सांगा.

दुसरा फसवा मार्ग म्हणजे ब्लॉक किंवा फिक्स. फ्रीकॅडमध्ये ब्लॉक, सॉलिडवर्क्स आणि फ्यूजनमध्ये फिक्स: एका क्लिकमध्ये वस्तू जिथे आहे तिथे गाडली जाते आणि डीओएफ झपाझप उतरतात. सॉलिडवर्क्समध्ये तर सगळं स्केच आपोआप मापांनी भरून देणारी आज्ञा आहे. नोकरीच्या मुलाखतीत घाईघाईने हे वापरणारे उमेदवार असतात, आणि समोरचा अनुभवी असेल तर तो एक माप बदलून बघतो आणि तिथेच सगळं उघडं पडतं. फोटोवरून वळणदार आकार गिरवताना, किंवा डझनभर बिंदूंची स्प्लाइन (बिंदूंवरून जाणारी वळणदार रेष) असेल तेव्हा ब्लॉक वापरायला काहीच हरकत नाही. प्रत्येक बिंदूला माप देणं तिथे वेडेपणा आहे.

स्केच पूर्ण बांधल्याशिवाय पॅड होत नाही, असाही एक गैरसमज फिरत असतो. होतं. एखादी कल्पना झटपट पडद्यावर बघायची असेल तर मोकळ्या स्केचवरच पॅड करा, आवडली नाही तर फेकून द्या. दुसऱ्याच्या हातात जाणारी फाइल मात्र बांधलेली असावी.

रंग कुठे काय सांगतात

फ्रीकॅडमध्ये मूळ सेटिंगनुसार पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं. सॉलिडवर्क्समध्ये मोकळं ते निळं, बांधलेलं काळं. शिवाय डावीकडच्या झाडात स्केचच्या नावाआधी कंसात वजा चिन्ह असेल तर मोकळं, अधिक असेल तर जास्त बांधलेलं. फ्यूजनमध्येही निळ्याचं काळं होतं आणि ब्राउझरमधल्या स्केचच्या चिन्हावर छोटं कुलूप येतं. ऑनशेपमध्ये निळं, काळं, आणि अटींचं भांडण झालं तर लाल. थीम बदलली की रंग बदलू शकतात, म्हणून फ्रीकॅडमध्ये रंगापेक्षा पॅनेलमधलं वाक्य वाचायची सवय बरी.

मापांना नावं द्या

मापावर डबल क्लिक केलं की आकड्याबरोबर नाव लिहायचीही जागा असते. तिथे इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, अर्थपूर्ण नाव लिहा: motor_unchi, hole_pitch. मग दुसऱ्या मापात नुसता आकडा न टाकता सूत्र टाकता येतं. प्लेटची रुंदी आकड्याने 50 द्यायची, की होल पिच (भोकांमधलं अंतर) अधिक 19 अशी? मोटर बदलण्याची शक्यता असेल तर दुसरं. नेमा 23 मध्ये भोकांचं अंतर 47.14 मिमी असतं. सूत्र असेल तर पिच बदलली की रुंदी आपोआप 66.14 होईल. वरच्या कडेच्या 25 लाही तसंच सूत्र द्या: पिचच्या निम्मे अधिक 9.5. मधलं 22.5 चं भोक मात्र वेगळं बदलावं लागेल, कारण त्या मोटरचा उंचवटा 38.1 मिमीचा असतो आणि पिचशी त्याचं काही नातं नाही. कुठे सूत्र घालायचं आणि कुठे नाही, हेही "कोण ठरवतंय?" या प्रश्नानेच सुटतं.

हात बसवायला एक काम

बेल्ट ताणायचा तर मोटर वर-खाली सरकायला हवी, म्हणजे भोकांच्या जागी उभे स्लॉट, म्हणजे गोल टोकांची लांबट भोकं, हवेत. मूळ फाइलची प्रत करून त्यात चार गोल भोकं आणि मधलं वर्तुळ काढून टाका, कन्स्ट्रक्शन चौरस ठेवा.

स्लॉट म्हणजे दोन रेषा आणि दोन कंस, 4 अधिक 4 अधिक 5 अधिक 5, एकूण 18. चार सांध्यांवर जोडणी आणि स्पर्शिका मिळून प्रत्येकी 3, म्हणजे 12 गेले. दोन्ही कंस समान, आणखी 1. उरतात 5, आणि स्लॉट टूल तुम्हाला साधारण एवढेच हातात देतं. सरळ उभा काढलात तर उभेपणाची अट बहुधा आपोआप लागते, यादीत बघून घ्या. नसेल तर लावा. उरले 4. दोन्ही कंसांची केंद्रं चौरसाच्या कोपऱ्याभोवती सममित करा, 2 गेले. दोन केंद्रांतलं अंतर 6, कंसाची त्रिज्या 1.7, शून्य. बाकीच्या तीन स्लॉटना ही मापं परत देऊ नका. रेष पहिल्या स्लॉटच्या रेषेएवढी, कंस पहिल्याच्या कंसाएवढा.

मोटर सरकणार म्हणजे मधला उंचवटाही सरकणार, म्हणून तिथेही उभा स्लॉट, त्रिज्या 11.25, मूळबिंदूभोवती सममित, आणि त्याची रेषही पहिल्या स्लॉटच्या रेषेएवढी. आता सगळी सरकवासरकव त्या एका 6 वर टांगलेली आहे. 6 चे 10 करून बघा. वरचे स्लॉट केंद्रापासून 15.5 अधिक 5 अधिक 1.7, म्हणजे 22.2 मिमीपर्यंत जातात. कड 25 वर आहे, वर फक्त 2.8 मिमी मटेरियल उरतं. मधला स्लॉट आणि वरचे स्लॉट यांच्यातही सगळ्यात अरुंद जागी साधारण 3.5 मिमीच राहतात. 5 मिमी जाडीच्या प्रिंट केलेल्या प्लेटला हे पुरेल का ते तुम्ही ठरवा. नाही वाटलं तर वरच्या कडेचं 25 वाढवा आणि बघा, दुसरं काही हलतं का.